क्रेनवरची मावशी

माझ्या मावशीला एक विनोद कळला नाही, म्हणून ती क्रेन चालवायला लागली. हे मी पदरचं सांगत नाही. तिनंच मला सांगितलंय, आणि सांगताना तिला इतकं हसू येत होतं की मध्ये दोनदा थांबावं लागलं.

काका इलेक्ट्रिशियन. परदेशात काम मिळालं म्हणून ते पुढे गेले आणि दीड वर्षानं मावशी सहा वर्षांच्या मुलीला घेऊन मागोमाग गेली. तेव्हा ती चौतीस वर्षांची. शिक्षण बारावी, तिथली भाषा शून्य. पहिले आठ महिने ती जवळजवळ घरातच होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची, दुसरं काही नाही. दुकानात बोट दाखवून वस्तू घ्यायच्या. जिन्यात शेजारीण भेटली की दोघी एकमेकींकडे बघून मान हलवायच्या आणि आपापल्या दारात शिरायच्या. "मान हलवून हलवून माझी मानच मोडायची वेळ आली होती," असं मावशी म्हणते.

मग तिला झाडलोटीचं काम मिळालं. शहरात मोठं इस्पितळ बांधायला घेतलं होतं आणि त्या साइटवर पत्र्याच्या सहा खोल्यांची कचेरी होती. फरशी पुसायची, चिखलानं माखलेल्या बुटांची फळी साफ करायची, चहाचे कप विसळायचे. दुपारी डबा खायला ती बाहेरच्या पायरीवर बसायची आणि मान वर करून क्रेन बघत राहायची. पिवळी, उंचच उंच, एका खांबावर उभी असलेली टॉवर क्रेन. लोखंडाचं अजस्र धूड ती अलगद उचलायची आणि आपण पातेल्यावर झाकण ठेवतो तसं जागच्या जागी ठेवून द्यायची. मावशीचा घास हातातच राहायचा.

साइटचा मुकादम हे रोज बघत होता. धिप्पाड माणूस, तोंड कायम आंबट. एक दिवस सगळ्यांसमोर तो म्हणाला, "काय बघतेस एवढं? चढतेस का वर? शिकवतात हो बायकांना, फुकटात शिकवतात!"

सगळे हसले. मावशीला त्यातले दोनच शब्द कळले, 'चढतेस का' आणि 'शिकवतात'. तिला वाटलं, माणूस भला आहे, आपल्याला विचारतोय. घरी जाऊन ती काकांशी बोलली. काका म्हणाले, "तुला स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढता येत नाही." मावशी म्हणाली, "स्टूल डुगडुगतं. ती क्रेन डुगडुगत नाही."

दुसऱ्या दिवशी ती केस चापून बांधून, बारावीचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून मुकादमासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हो."

मुकादमाची पंचाईत झाली. थट्टा केली होती हे समजावून सांगायचं, तर तिला तेवढी भाषा येत नव्हती आणि त्याला तेवढा धीर होईना. त्यानं डोकं खाजवलं, कागद ओढला आणि प्रशिक्षण केंद्राला चिठ्ठी लिहून दिली.

चौदा आठवड्यांचं प्रशिक्षण होतं. पहिल्या दिवशी उभ्या शिडीच्या पंचविसाव्या पायरीवर मावशीचे पाय थिजले. वरही जाईना, खालीही येईना. शिकवणारी बाई तिच्याखालीच उभी होती. ती म्हणाली, "वर बघू नकोस, खाली बघू नकोस. नाकासमोरची पायरी बघ." मावशीनं नाकासमोरची पायरी बघितली. मग पुढची. अशा दोनशे ऐंशी.

वर पोचून तिनं काचेच्या केबिनमधून बाहेर पाहिलं, त्या क्षणाबद्दल बोलताना मावशीचा आवाज आजही बदलतो. इतके महिने तिच्यासाठी ते शहर म्हणजे एक जिना, एक दुकान आणि एक बसथांबा होता. आता पंच्याऐंशी मीटरवरून तिला सगळं दिसत होतं. नदीचं वळण, नदीवरचे चार पूल, आपल्या इमारतीचं छप्पर, मुलीच्या शाळेचं मैदान आणि त्यावर पळणारे रंगीत ठिपके. "सगळं एकमेकांना जोडलेलं होतं गं," ती मला म्हणाली. "दुकानाच्या मागेच शाळा होती. मी रोज अख्खा वळसा घालून जायचे. मी राहत होते त्या गावात, पण गाव मला त्या दिवशी भेटलं." ती रडली. शिकवणाऱ्या बाईला वाटलं, घाबरली.

घरी, म्हणजे इकडे आम्हाला, तिनं कळवलं की वरच्या जागेवर काम लागलंय. माझ्या आईनं, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीनं, गल्लीभर सांगितलं की धाकटी साहेबीण झाली. मावशीनं कळवलं त्यात खोटं काहीच नव्हतं. दोन वर्षांनी तिचा क्रेनवरचा फोटो आला तेव्हा आई मटकन खाली बसली आणि आठवडाभर मावशीशी फोनवर बोलली नाही.

क्रेनवरच्या माणसाला खालचं सगळंच दिसत नाही. इमारतीच्या आडचं, भिंतीमागचं त्याला खालच्या माणसाकडून कळतं. त्याला इशारेवाला म्हणतात. माल कुठे घ्यायचा, किती खाली सोडायचा, कुठे थांबायचं हे तो वॉकीटॉकीवर सांगतो. प्रशिक्षण संपवून मावशी त्याच इस्पितळाच्या साइटवर आली तेव्हा तिचा इशारेवाला होता तिथलाच, आजोबांपासून बांधकामात असलेल्या घरातला पन्नाशीचा गडी. आवाज असा की वॉकीटॉकी बंद असली तरी वर ऐकू जावा. मावशीनं मनातल्या मनात त्याचं नाव भोंगा ठेवलं होतं.

भोंग्याला बाई नको होती. पहिला आठवडा तो 'वर', 'खाली', 'थांब' यापलीकडे एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या आठवड्यात मावशीनं सळयांची मोळी दोन कामगारांच्या मधल्या हातभर जागेत एवढ्या हलकेच टेकवली की त्यांचं बोलणंही थांबलं नाही. मग भोंगा म्हणाला, "जेवलीस का?"

तेव्हापासून मावशीची भाषा सुरू झाली. तिनं ती भोंग्याकडून उचलली, कानानं, आठ-आठ तास. अडचण एकच होती. भोंगा प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक सणसणीत शिवी घालायचा आणि मावशीला वाटायचं, हे त्यांचं 'बरं का' असावं. मुलीच्या शाळेत पालकसभेला ती प्रथमच तोंड उघडून बोलली, "बाई, माझी मुलगी गणितात कशी आहे?" आणि शेवटी अदबीनं ते 'बरं का' जोडलं. बाईंचे डोळे विस्फारले. "हा शब्द कुणी शिकवला तुम्हाला?" मावशीनं अभिमानानं वर बोट केलं, खिडकीतून दिसणाऱ्या क्रेनकडे. बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. त्यानंतर दर शनिवारी सकाळी त्या मावशीला वाचनालयात बसवून भाषा शिकवायला लागल्या. शेजारणीशीही मान हलवण्यापलीकडे बोलणं गेलं. कुणाचं बाळ आजारी आहे, कुणाचा सासरा विसरभोळा झालाय, मावशीला सगळं कळायला लागलं.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. थंडीचे दिवस होते. मावशी सकाळी सातला वर चढली आणि पाठोपाठ नदीवरून धुकं उठलं. बघता बघता पूल गेले, रस्ते गेले, छपरं गेली. तिच्या पायांखाली फक्त पांढरा समुद्र राहिला, वर निळं आकाश आणि ऊन. त्या समुद्रातून दूरवरच्या तीन क्रेनचे हात तेवढे बाहेर आलेले. "देव असलाच तर त्याला रोज असं दिसत असेल," मावशी म्हणते. धुक्यात क्रेन हलवायची नाही हा नियम. काम थांबलं. ती हात मांडीवर ठेवून बघत बसली.

वॉकीटॉकी खरखरली. मुकादमाचा आवाज होता. "वर आहेस?"

"आहे."

भोंगा पडला होता. एकोणिसाव्या मजल्याच्या फळ्यांवरून खालच्या स्लॅबवर. मांडीचं हाड मोडलं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. जिना चौदाव्या मजल्यापर्यंतच झाला होता, वर नुसत्या शिड्या. तिथून अशा माणसाला झोपवून आणणं अशक्य. खाली रुग्णवाहिका उभी होती आणि अग्निशमनवाल्यांची शिडी तिथवर पोचत नव्हती. एकच मार्ग होता, माणसं उतरवायचा लोखंडी पिंजरा. कामाच्या मजल्यावर तो ठेवलेलाच असतो.

मुकादम म्हणाला, "मला दोन हातांवरचं दिसत नाहीये. तू नाही म्हणालीस तर कुणी तुला बोल लावणार नाही."

मावशीनं विचारलं, "पिंजरा तारेच्या आकड्याला लावायला किती वेळ लागेल?"

पिंजऱ्यात भोंग्याला झोपवलं आणि सोबत एक फिटर चढला. तो दोनच आठवड्यांपूर्वी तिसऱ्याच कुठल्या देशातून आलेला, त्याला ना तिथली भाषा येत होती ना मावशीची. तेव्हा भोंग्यानं पडल्या पडल्या त्याच्या हातातून वॉकीटॉकी घेतली. "माझ्याशिवाय कोण सांगणार तिला?" आणि स्वतःलाच खाली उतरवायला त्यानं सुरुवात केली.

"वर घे. आणखी. थांब. आता बाहेर, दोन हात. भिंत बोटाला लागतेय. आणखी एक हात. बस. खाली."

मावशीला काही दिसत नव्हतं. समोरची तार सरळ खाली जाऊन दुधात बुडाली होती. तिच्यापुढे दोन आकडे होते, एक उंचीचा, एक वजनाचा, आणि कानात तो आवाज. साठ मीटर. पन्नास. तिला सवय होती, माल उतरवताना स्वतःशीच मराठीत पुटपुटायची, 'सावकाश, सावकाश.' ते वॉकीटॉकीवर खाली ऐकू जायचं, पण कधी कुणी विचारलं नव्हतं. आताही ती तेच म्हणत होती.

चाळीस मीटरवर भोंगा म्हणाला, "खालून ठोकतायत." खाली कामगारांनी मोकळ्या जागेच्या चार कोपऱ्यांत उभं राहून लोखंडी पाइप वाजवायला घेतले होते, धुक्यात त्याला जमीन ऐकू यावी म्हणून. "डावीकडचं जास्त ऐकू येतंय. उजवीकडे घे. थोडं. बस, आता चारही सारखे."

पंचवीस. वीस. त्याचा आवाज बारीक होत गेला. पंधराला तो बंदच झाला.

मावशीनं तार थांबवली. "बोल," ती म्हणाली. "बोल ना रे!"

मग एक अनोळखी, घाबरलेला आवाज आला. फिटरचा. त्याच्याकडे सांगायला शब्दच नव्हते. तिच्याकडून ऐकलेला तेवढा एक होता.

"सावकाश," तो म्हणाला. "सावकाश... सावकाश..."

मावशीनं तार सोडली. तो म्हणत राहिला तोवर ती सोडत राहिली. मग तो ओरडला आणि ती थांबली. पुन्हा 'सावकाश', पुन्हा वीतभर. अखेर वजनाचा आकडा हलला, उतरला आणि शून्यावर येऊन थांबला. म्हणजे माणूस जमिनीला लागला होता.

अकरा मिनिटं लागली होती. मावशी तशीच बसून राहिली. खालून रुग्णवाहिकेचा सायरन वाजला आणि लांब गेला. तासाभरानं धुकं विरायला लागलं. आधी वरचे मजले दिसले, मग मधले, मग जमीन. साइटवरची साठ-सत्तर माणसं अंगणात उभी होती, हेल्मेटं काढून, माना वर करून. तो एक तास ती सगळी तशीच उभी होती.

ती उतरली तेव्हा मुकादम शिडीच्या पायथ्याशी होता. शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून. ती शिडी बोल्टांनी जखडलेली असते, धरायची काहीच गरज नसते.

भोंगा वाचला. एक पाय कायमचा आखूड झाला. त्याची बायको मावशीच्या घरी आली. मग तिनं मावशीचे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि तशीच बसून राहिली. त्या साइटवर मात्र तेव्हापासून माल उतरताना सगळे 'सावकाश' म्हणायला लागले. कामगार एका साइटवरून दुसरीकडे जातात, शब्दही गेला. आता त्या शहरातल्या कितीतरी जणांना तो बांधकामातलाच जुना शब्द वाटतो.

पुढे एकोणीस वर्षं मावशी क्रेनवर होती. मग गुडघे कुरकुरायला लागले. तिच्या कामाच्या शेवटच्या आठवड्यात मी आईला घेऊन तिकडे गेले. आई सत्तरीची. इतक्या वर्षांत तिनं धाकट्या बहिणीला प्रत्येक फोनवर "आता पुरे कर गं ते" एवढंच सांगितलं होतं.

पाहुण्यांना वर जायला बंदी. आम्ही अंगणात पिवळी हेल्मेटं घालून उभ्या राहिलो. आईचं सारखं डोळ्यांवर येत होतं. कामावरून कधीच निवृत्त झालेला भोंगाही लंगडत लंगडत आला, त्यानं वॉकीटॉकी आईच्या हातात दिली आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं.

"ताई," वरून आवाज आला, "मी दिसते का?"

आईनं मान मागे टाकली. "दिसतेस. मुंगीएवढी."

"घाबरू नकोस हं."

"मी कशाला घाबरू? मी खाली आहे." मग तिनं पुन्हा बटण दाबलं. "तिथून काय दिसतं गं?"

मावशी सांगायला लागली. नदी. पूल, आता चार नाही, सहा. इस्पितळ, आणि त्याच्या गच्चीवर वाळत घातलेलं कुणाचं तरी निळं कापड. डोंगर, जे खालून कधीच दिसत नाहीत. पलीकडे पाऊस पडतोय तो पट्टा, आणि अलीकडे आपण उभे आहोत ते ऊन. आई ऐकत होती. तिचं तोंड लहान मुलासारखं उघडं राहिलं होतं. तेवढ्यात वरचा पिवळा हात फिरायला लागला, लोखंडाची भलीमोठी तुळई घेऊन, आवाज न करता, आमच्यापासून दूर, आभाळावरून सरकत. तुळई कुठे टेकली तेही कळलं नाही.

आईनं भोंग्याचा दंड धरला. त्याला मराठीचं एक अक्षर कळत नाही हे तिच्या गावीही नव्हतं. वर बोट दाखवून ती त्याला म्हणाली, "माझी बहीण आहे ती. धाकटी."