शिवप्रियाचा पळायचा नवस

जळकोटकडच्या भागात पळणाऱ्या माणसाला काहीतरी कारण लागतं. पोलीस भरतीची पोरं पहाटे पळतात, एसटी सुटायला आली की म्हातारेही पळतात, आणि कुत्रं मागं लागलं तर सरपंचसुद्धा पळतात. पण त्रेचाळीस वर्षांची बाई, शाळेत जाणाऱ्या पोरीची आई, मागं कुत्रं नाही, पुढं एसटी नाही, अशी नुसतीच पळते, हे हायवेपासून आत असलेल्या त्या वस्तीनं कधी पाहिलं नव्हतं.

शिवप्रिया कडक भाकऱ्या करायची. पहाटे चारच्या आधी चूल पेटायची. सासू सुगलाबाई पीठ मळून द्यायच्या, ही थापायची, भाजायची आणि पुन्हा निखाऱ्यावर धरून वाळवायची. नवरा शंभुलिंग त्या भाकऱ्या मोटरसायकलवरून हायवेच्या ढाब्यांना पोचवायचा आणि तसाच पुढं उमरग्याला, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरून देण्याच्या दुकानात कामाला जायचा. मग हर्षालीचा डबा, तिची वेणी, तिची शाळा. मग दुपारची थापणी. दिवसातले आठ-नऊ तास मांडी घालूनच जायचे. ‘‘ही उठली की पाटबी संगं उठतोय,’’ असं सुगलाबाई म्हणायच्या, आणि त्यात फार अतिशयोक्ती नव्हती.

उमरग्याच्या डॉक्टरांनी तिचा रिपोर्ट पाहिला तेव्हा साखर दोनशे चाळीस होती. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला.

‘‘तास कुठनं आणू, डॉक्टर?’’ तिनं खरंच विचारलं.

बाहेर पेशंटांची रांग होती. डॉक्टर कावून म्हणाले, ‘‘मग वीस मिनिटं पळा.’’ त्यांनी ते कोणत्या अर्थानं म्हटलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. शिवप्रियानं ते औषधाच्या चिठ्ठीसारखं घेतलं, कारण वीस मिनिटं तिच्याकडं होती. कडक भाकरी गरम असताना बांधली तर मऊ पडते, ढाबेवाला परत पाठवतो. ती चादरीवर पसरून गार होऊ द्यावी लागते. सहा ते सहा वीस भाकऱ्या गार व्हायच्या आणि तेवढा वेळ तिला कुणी काही मागत नसे.

आणि तिला पळायचंच होतं. तिची आई सिद्धम्मा साखरेनंच गेली. आधी अंगठ्याला जखम झाली, मग गुडघ्याखाली पाय काढला. शेवटचे सहा महिने शिवप्रियानं तिला इथंच आणलं आणि तिचं सगळं केलं. हर्षाली तेव्हा आठ वर्षांची होती. आजीला धुताना पाण्याचा मग धरून ती शेजारी उभी राहायची, तोंड फिरवून. म्हातारी रडायची. ‘‘पोटच्या पोरीकडनं असलं करून घ्यायचं म्हंजे लई वंगाळ गं, शिवा,’’ असं एकदा म्हणाली. ते वाक्य शिवप्रियाच्या मनातून गेलं नाही. आपल्या पोरीच्या हातात तो मग पुन्हा यायला नको, बस. तिला दुसरं काही नको होतं. आपल्यालाही साखर आहे हे तिनं हर्षालीला कळू दिलं नव्हतं. गोळ्या तिखटाच्या डब्यामागं असायच्या. पोरीनं एक पाय पाहिला होता, तेवढं पुरे होतं.

पहिल्या दिवशी घरापासून लाइटच्या डीपीपर्यंत पळाली आणि डीपीच्या खांबाला धरून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा धरल्या की पाटावर बसताना ‘आई गं’ म्हणाली. तिसऱ्या दिवशी अंथरुणातच ठरवलं, आज राहू दे. चौथ्या दिवशी पाहुणे होते. पाचव्या दिवशी तिची तिलाच लाज वाटली. भाकऱ्या पसरल्या, उमरग्याहून आणलेले बूट चढवले, पदर खोचला आणि श्रीमंत पाटलांच्या मळ्याकडं जाणाऱ्या गाडीवाटेनं निघाली. ठरवलं होतं, आज कडुलिंबापर्यंत न थांबता जायचं. कुणी हाक मारली तरी थांबायचं नाही.

त्या कडुलिंबाखाली विहीर आहे. ती अख्ख्या वस्तीला ठाऊक होती, शिवप्रियालाही होती. पण पळणाऱ्या माणसाला झाड दिसतं, विहीर दिसत नाही. बघणाऱ्याला मात्र विहीरच दिसते.

बघणारा होता बब्रुवान. दुधाच्या किटल्या लावून मोटरसायकलवरून डेअरीला निघालेला. त्याला दिसलं ते असं: शंभुलिंगाची बायको, अंबाडा सुटलेला, चेहरा लालभडक, डोळ्यांतून पाणी, धापा टाकत विहिरीकडं सुटलेली.

‘‘वहिनी! ओ वहिनी! कुठं निघालाव?’’

थांबायचं नव्हतं म्हणून तिनं न बघताच हात वर करून हलवला. ‘जा तू, येते मी,’ एवढाच त्याचा अर्थ. बब्रुवानला वाटलं, जाता जाता निरोप घेतला बाईनं! त्यानं गाडी तशीच सोडली. किटल्या आडव्या झाल्या, वीस लिटर दूध वाटेवर सांडलं, आणि त्यानं विहिरीच्या अलीकडं दहा पावलांवर तिला दोन्ही हातांनी कव घालून खाली पाडलं.

‘‘सोड मला!’’ ती ओरडली.

असं ओरडणाऱ्या बाईला कोण सोडतं? आजूबाजूच्या मळ्यांतून माणसं धावली. बघा, आता सगळेच पळत होते.

तिला वाजतगाजत नाही, पण मिरवणुकीनंच घरी आणलं. दोन्ही दंडांना दोन बाया, मागं पंधरावीस माणसं. हर्षाली दारात एका पायात बूट घालून उभी होती. भाकऱ्या चादरीवर गार होऊन पडल्या होत्या आणि शंभुलिंगाचा चेहरा त्यांच्यापेक्षा पांढरा पडला होता.

बारा वाजायच्या आत तिचा धाकटा भाऊ ईरण्णा आळंदकडच्या गावाहून जीप भरून आला. सोबत सात माणसं, त्यातले दोन म्हातारे खास न्यायनिवाड्याला. कुणी चहा घेईना. सासरचा चहा नाकारला म्हणजे प्रकरण कुठवर गेलं हे सांगायला लागत नाही.

‘‘अक्का, भिऊ नको,’’ ईरण्णा म्हणाला. ‘‘काय झालं ते सांग. मी हाय.’’

‘‘काय न्हाय झालं. मी पळत होते.’’

‘‘कुणापासनं?’’

‘‘कुणापासनं न्हाय रे. उगंच. तब्येतीसाठी.’’

म्हातारे एकमेकांकडं बघून हळहळले. पोरगी नवऱ्याला पाठीशी घालते आहे, किती गुणाची! ती जितकं नाही म्हणे तितकं ते खरं ठरत गेलं. तिनं डॉक्टरांचं नाव घेतलं तर ‘डोक्याच्या डॉक्टरकडं नेत व्हते का?’ असं एकानं विचारलं. तिनं बूट आणून दाखवले. बूट घालून कुणी जीव द्यायला जातं का, असं तिला म्हणायचं होतं. म्हाताऱ्यानं बूट उलटेपालटे करून बघितले आणि शंभुलिंगाला विचारलं, ‘‘मंजे लांब जायची तयारी व्हती तर?’’

शंभुलिंग बिचारा आयुष्यात कुणाच्या अंगावर ओरडला नव्हता. त्याला उंबऱ्यावर हात ठेवून शपथ घ्यायला सांगितलं, की पुन्हा बायकोला त्रास देणार नाही. न दिलेला त्रास पुन्हा कसा देणार नाही म्हणायचं? तरी तो वाकला. नवरा उंबऱ्याशी वाकलेला बघून शिवप्रियाला वाटलं, सकाळी विहिरीत पडले असते तर बरं झालं असतं. आणि असं मनात आल्याचंच तिला रडू आलं. ती रडली, आणि होता नव्हता तेवढा संशयही संपला. सगळ्यांची खात्री पटली.

तेव्हा सुगलाबाई उठल्या. पोराला दंडाला धरून उभं केलं.

‘‘नवस हाय तिचा,’’ म्हणाल्या. ‘‘वाच्यता करायची नसती म्हणून बोलंना ती. रोज पळत जाऊन मळ्यातल्या म्हादेवाला पाणी घालायचं. विहिरीवर पाणी घ्यायलाच चालली व्हती.’’

‘‘कशासाठी नवस?’’ म्हाताऱ्यानं विचारलं.

सुगलाबाईंनी इकडंतिकडं बघितलं. साखरेचं नाव पोरीपुढं काढायचं नव्हतं, आणि नुसतं तब्येत म्हटलेलं कुणाला पटत नव्हतं, हे त्या सकाळपासून बघत होत्या. या माणसांना काय पटतं ते त्यांना पाठ होतं.

‘‘नातवासाठी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘घरात पाळणा हलंपत्तुर पळायचं बोललीय ती.’’

ईरण्णाचे डोळे भरले. म्हाताऱ्यांनी हात जोडले. बब्रुवान तर तिच्या पायाच पडायला आला, नवस मोडला म्हणून. चहा झाला. दुसऱ्यांदाही झाला. कोपऱ्यात हर्षाली कपबशा गोळा करत होती.

पाहुणे गेल्यावर सुगलाबाई सुनेला म्हणाल्या, ‘‘आता पळ बिनघोर. ह्या वयात काय पाळणा हालत न्हाय. जल्मभर पळ.’’

म्हातारीचं डोकं बघा! तिनं मुदतच अशी घातली की ती संपणार नव्हती. शिवप्रियाला त्या वेळी सासूच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ती पळू लागली. हातात पितळी तांब्या आणि अनवाणी, कारण नवसाला बूट कसे चालतील? खडे रुतायचे, टाचा फुटल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की साखरेच्या माणसानं पाय जपावा. ती रात्री टाचांना तेल चोळायची आणि सकाळी पुन्हा अनवाणी निघायची. वाटेत बाया थांबून हातावर खडीसाखर ठेवायच्या. ती नाकारता येत नाही. पदराला बांधून आणायची आणि मुंग्यांना घालायची. बब्रुवान गाडी बाजूला घेऊन, हात जोडून उभा राहायचा. पण एक खरं, आता ‘आज राहू दे’ म्हणायची सोय उरली नव्हती. ताप असो, पाहुणे असोत, सहा वाजले की सगळी वस्ती तिची वाट बघायची. तीन महिन्यांत साखर एकशे साठवर आली.

घरातही सगळं नीट चाललं होतं. हर्षाली तर फारच शहाणी झाली. न सांगता उठायची, पीठ चाळायची, वेणी स्वतःची स्वतः घालायची. बारा वर्षांची पोर डब्याला काय हवं म्हणून हट्ट करेना. पोरगी मोठी झाली, असं शिवप्रियाला वाटलं. ती सुखावली. आयांचं असंच असतं, पोर गप्प झालं की त्यांना ते शहाणं झालेलं वाटतं.

एका सोमवारी शाळेला सुट्टी होती. शिवप्रिया तांब्या घेऊन महादेवाशी पोचली, तर हर्षालीची सायकल आधीच ओट्याला टेकवलेली. पोरगी आत पिंडीपुढं बसली होती. पाठमोरी होती, पण बोलत होती मोठ्यानं, देवाला ऐकू कमी येतं असं समजून.

‘‘म्हादेवा, आईला पोरगा दे. लवकर दे. तिच्या टाचांतनं रगत येतंय. मी पोरगी हाय म्हणून तिला पळावं लागतंय. मी भाकरी शिकले, मी काय मागत न्हाय आता. पण तिला पोरगा दे, म्हंजे ती थांबंल.’’

शिवप्रिया दारात उभी होती. तुझ्यासाठीच पळते गं बाई, तुझ्या हातात तो पाण्याचा मग यायला नको म्हणून पळते, असं तिला ओरडून सांगायचं होतं. पण पळून धाप लागली होती. आणि धाप ओसरली तेव्हा वाटलं, सांगायचं तर आजीचा पाय आठवून द्यावा लागणार, तिखटाच्या डब्यामागच्या गोळ्या सांगाव्या लागणार. तेही ह्या पोरीलाच सोसावं लागणार. कोणतं द्यावं हिला? दोन्हींतलं कमी कोणतं?

हर्षालीनं वळून बघितलं. दचकली, मग जवळ आली आणि आईच्या पायांकडं बघत म्हणाली, ‘‘आई, नवस दोघींत वाटून चालतो का?’’

‘‘हर्षू...’’

‘‘चालत असंल बघ. जाताना तू पळ, येताना मी.’’ तिनं आईच्या हातातला तांब्या घेतला, पिंडीवर पाणी घातलं, रिकामा तांब्या काखेत मारला. ओट्याखाली काढलेल्या चपला सायकलच्या कॅरिअरला लावल्या आणि अनवाणी पळत सुटली.

‘‘थांब गं! हर्षे, थांब!’’ शिवप्रिया मागं धावली. डीपी आला तरी तिला गाठता आलं नाही. पोरीचे पाय हलके, हिचे फुटलेले.

समोरून बब्रुवान दूध घालून परत येत होता. त्यानं गाडी बाजूला घेतली, खाली उतरला आणि पोरीलाही हात जोडले.