माझ्या नावाचं कात्रण

एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्यावर एक खोली. बाहेर निळी पाटी, तालुका पत्रकार संघ. आठ वर्षं मी त्या खोलीखालून ये-जा केली आणि आठही वर्षं डोक्यात एकच किडा, ही माणसं वर बसून करतात तरी काय? महिन्याच्या पहिल्या रविवारी जिन्याखाली चपलांचा ढीग, वरून हसण्याचा आवाज आणि भज्यांचा वास. मला चैन पडायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, हिला शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजायला हव्यात.

बातम्या तर मीही लिहायचे. नवऱ्याकडे सांगलीच्या एका दैनिकाची एजन्सी. अंक वाटायचे आणि गावच्या बातम्याही द्यायच्या, अशी आमच्याकडची रीत. त्यांना लिहायचा कंटाळा, म्हणून ते काम माझ्याकडे आलं आणि चिकटलं. द्राक्षांवरची गारपीट, बेदाण्याचे सौदे, यात्रेतल्या कुस्त्या, सगळं मी लिहिलं. वर छापून यायचं नुसतं ‘वार्ताहर’. गावाकडच्या वार्ताहराचं नाव आमचा पेपर छापत नाही. लोकांच्या लेखी मी पेपरवाल्या वहिनी. त्याचं काही वाटत नाही असं मी सांगायचे. खोटं कशाला बोलू, लय वाटायचं.

मग एकदा पंचायत समितीच्या बैठकीला शिपायानं दारातच अडवलं. कार्ड कुठाय, म्हणाला. मी वही दाखवली, पेन दाखवलं. तो म्हणाला, महिला मेळावा उद्या हाय. आत टँकरवर चर्चा चाललेली आणि मी बाहेर बाकावर. अंगाचा नुसता तिळपापड झाला. कार्ड संघाचं सभासद झाल्याशिवाय मिळत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी अर्ज आणला. त्यात लिहिलेलं, नावासह छापून आलेली पाच कात्रणं जोडावीत. माझी फाईल दोन बोटं जाड, पण नावाचं कात्रण त्यात एकही नाही. ती जागा कोरी ठेवून अर्ज दिला. रविवारच्या बैठकीला या, असा निरोप आला.

शेवटी ती खोली पाहिली. एक टेबल, एक कॅरम बोर्ड, ढालींचं कपाट आणि खिडकीत माठ. एवढंच! आठ वर्षं मी या माठासाठी झुरत होते होय, असं वाटून हसूच आलं. आत नऊ-दहा पुरुष होते. मधे अध्यक्ष, पिकल्या मिशांचे, तालुक्यातले सगळ्यांत जुने पत्रकार. त्यांच्या पेपरात प्रत्येक बातमीवर त्यांचं नाव असायचं. मी ते रोज वाचायचे.

एकानं मी नेलेली फाईल चाळून हिशेबी शंका काढली, फाईल कुणाचीही असू शकते, तुमचे मालक लिहीत असतील. मी म्हटलं, मालकांना विचारा. त्यावर सगळे हसले, अध्यक्ष सोडून. त्यांनी फाईल मिटली.

“वहिनी, बरं लिहिलेलं कुणीबी आपलं म्हणंल. तुमची एखादी चूक सांगा.”

चूक शोधायला मला लांब जावं लागलं नाही. तीन वर्षांपूर्वी एका गावात मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ होता. मंडप, फेटा, हुंदके देणाऱ्या मुली बघून मी न विचारता ठोकून दिलं, गुरुजी सेवानिवृत्त. एरवी सतरा प्रश्न विचारणारी मी, त्या दिवशी एक विचारला नाही. गुरुजींची नुसती बदली झालेली. दुसऱ्या दिवशी चार पेपरांत गुरुजी निवृत्त. गुरुजींना लेकीच्या सासरहून, इस्लामपूरवरून फोन, आता पुढं काय करणार म्हणून. मी स्कूटीवरून जाऊन त्यांचे पाय धरले आणि आमच्या पेपरात खुलासा छापून आणला.

सांगून झालं. तेव्हा आम्ही सगळे एकाच टायपिंगवाल्याकडून बातम्या पाठवायचो. आज काय आलंय, आमालाबी दे, असं त्याला म्हटलं की एकाची बातमी चौघांची. चार पेपरांत ती चूक कशी गेली, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी माठाकडे बघत होतं, कुणी मोबाईलमध्ये. मला वाटलं, संपलं, आता कार्ड विसरा.

अध्यक्ष उठले. कपाटातून स्वतःची फाईल काढली, पानं उलटत बसले. मी मान लांब करून बघतेय, काय शोधतात. त्यांनी एक कात्रण सोडवून टेबलावर ठेवलं. गुरुजी सेवानिवृत्त. माझीच वाक्यं, स्वल्पविरामासकट, आणि वर त्यांचं नाव.

“ही बातमी हिची हाय,” ते म्हणाले. “मी गावात गेलोबी नव्हतो. आणि खुलासा तेवढा हिनंच छापला.”

त्यांनी पेन काढून कात्रणावरचं आपलं नाव खोडलं, ते माझ्या अर्जाला टाचलं आणि पेन तसंच धरून माझ्याकडे बघितलं.

“वहिनी, तुमचं पूर्ण नाव काय?”

आठ वर्षांत तालुक्यात मी हजारभर माणसांना हा प्रश्न विचारला असेल. मला तो कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं.