फोन लागाचो नाय

मी आणि बायकोने मिळून शेवटचं काय केलं, तर एकाच रिसीव्हरला दोघांनी कान लावून मस्कतच्या मुलाचं बोलणं ऐकलं. बोलायची ती. मी नुसता ऐकायचो. ती गेल्यावर मुलाचा फोन आला की मी विचारायचो, "जेवलंस?" तो म्हणायचा, "जेवलंय." पुढे दोघेही मुके.

मग त्यानेच नेटवर माझ्याशी पत्ते खेळायला कॉम्प्युटर घ्यायला लावला. तो जोडायला कुडाळहून एक माणूस आला. फोनची वायर लावून त्याने मोडेमच्या डब्यावर तळहात ठेवला. मोडेम शिट्ट्या मारू लागला तसे त्याने डोळे मिटले. सुरूच्या बनात वारा शिरावा तसा तो आवाज घरभर फिरला.

"खेळ चालू आसताना फोन लागाचो नाय हां, आजोबा."

"मगे कशाक होयो? काढ तो डबो! झील माझ्याशी बोलतलो कसो?"

तो हसला. "फोनार बोलूचा लागता. खेळात गप बसलात तरी झील समोर आसताच मा?"

चहा पिऊन तो गेला. नाव विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, मुलाची सुट्टी. सकाळी मी पहिलं पान टाकलं आणि ऊन ओटीवर येईपर्यंत त्याच्यासोबत गप्प बसलो.