ओएचपीवरचा रोवणा

‘लोकांकडे पाठ करायची नाही. कधीच नाही. आणि का, ते विचारायचं नाही.’

हा आमच्या सरांचा नियम. चहा घेता घेता ऐकणार असाल तर कप आधी खाली ठेवा, कारण या एका नियमापायी मी अख्ख्या गावासमोर जी माती खाल्ली, तिची चव अजून जिभेवर आहे!

साल २००४. बी.एस्सी. होऊन मी गोंदियातल्या एका संस्थेत लागले होते. काम काय, तर गावोगाव जाऊन धानाचा नवा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, शिकवायची. दोरी धरून, ओळीनं, एकेक पऱ्हा, म्हणजे धानाचं रोप, अंतरावर लावायचा. नोकरी सहा महिन्यांची. या सहा महिन्यांत एका तरी शेतकऱ्यानं या रोवण्यासाठी एक एकर दिलं, तर कायम. नाही दिलं, तर कुडव्याला घरी बसायचं. तिथे आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, ओट्यावर बसून वाटच बघत होते. ‘पोरीनं गावोगाव फिरून बुढ्या लोकाईले शेती शिकवाची? कायले? लगन करा तिचं.’

म्हणजे एका बाजूला एक एकर आणि दुसऱ्या बाजूला मोठेबाबांनी शोधलेला नवरदेव. सांगा, मी जीव तोडून तयारी करणार की नाही?

सर म्हणजे संस्थेतले माझे वरिष्ठ. मूळचे गोंदिया शहरातले, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारे. त्यांना एकाच शब्दाचं वेड. प्रोफेशनल! ‘देखो मॅडम, प्रेझेंटेशन एकदम प्रोफेशनल पाहिजे. अटकना नहीं, पलटना नहीं. जो मागे वळून भिंतीकडे पाहतो, त्याचा कॉन्फिडन्स गेला समजा.’

‘पण सर, भिंतीवर चित्र बरोबर दिसतंय की नाही, ते...’

‘का, ते विचारायचं नाही!’

आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. ‘विचारायचं नाही’ म्हटलं की माझ्या तोंडात तीन प्रश्न तयार असतात. पण नोकरी तात्पुरती होती. गिळले तिन्ही.

तेव्हा कॉम्प्युटरवरच्या स्लाइड आमच्यापर्यंत पोचल्या नव्हत्या. आमच्याकडे होता ओएचपी, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टर. खाली दिवा असलेली लोखंडी पेटी, वर काच आणि तिच्यावर मान वाकवून उभा असलेला आरसा. काचेवर प्लास्टिकचा पारदर्शक कागद ठेवला की त्यावरचं चित्र आपल्या मागच्या भिंतीवर हत्तीएवढं दिसायचं. मी रंगीत पेनांनी अशा बारा स्लाइड काढल्या. हिरवे पऱ्हे, पांढरी मुळं, कोपऱ्यात हसणारा सूर्य. सराव मात्र पेटी न पेटवता करावा लागला, कारण बल्ब महाग आणि सरावासाठी तो जाळायला सरांची परवानगी नाही. मी घरी कपाटाच्या आरशासमोर उभी राहून बोलायची. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘कोनासंग भांडून राहिली वं?’

जुलै महिन्यात चिचगडकडच्या एका गावात कार्यक्रम ठरला. पंचायतीचा हॉल, खिडक्यांना बारदाने लावून अंधार केलेला. सतरंजीवर चाळीसेक माणसं. सगळ्यात पुढे सुखराम बाबा, गावातले जाणते शेतकरी. एकर मिळालं तर त्यांच्याकडूनच मिळणार होतं. शेजारी त्यांच्या रोवण्याच्या टोळीची मुकादमीण रेवताबाई. आणि सर? ते माझ्या बाजूला खुर्चीवर, भिंतीकडे पाठ करून, ताठ.

पहिली स्लाइड काचेवर ठेवताना माझं बी.एस्सी.चं डोकं चाललं. बघणारे कुठे बसलेत? समोर. मग चित्राचं तोंड कोणाकडे हवं? त्यांच्याकडे! मी सगळ्या स्लाइड नीट फिरवून लोकांकडे तोंड करून ठेवत गेले. एवढी साधी गोष्ट कोणी शिकवावी लागते का? छे!

आणि मी सुरू झाले. अडखळले नाही, वळले नाही. वाक्यामागून वाक्य, जणू पाटाचं पाणी.

दुसऱ्याच स्लाइडला सगळ्यांनी माना डाव्या खांद्यावर टाकल्या. तिसरीला उजव्या. मागचा एकजण तर गुडघ्यात डोकं घालून पायांमधून बघू लागला. मला भरून आलं हो! इतकं मन लावून बघणारे लोक मी कॉलेजातही पाहिले नव्हते.

‘मॅडम, येक विचारू का?’ रेवताबाईंनी हात वर केला.

‘प्रश्न शेवटी, मावशी.’

‘नाही, पन तं मांगं पाहा ना जरा...’

‘शेवटी म्हटलं ना!’

सर कौतुकानं मान डोलवत होते. एकदम प्रोफेशनल!

बारावी स्लाइड संपली. ‘हं, आता विचारा.’

सुखराम बाबा सावकाश उठले. ‘पोरी, चित्रात हाय तसंच कराचं?’

‘अगदी तसंच, बाबा. आपलं डोकं लावायचं नाही.’

‘मंग आमी बापजाद्यापासून करून राहिलो, ते?’

‘चूक!’

‘पुरंच?’

‘पुरंच!’

हॉलमध्ये कुजबुज झाली. बाबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. ‘मंग असं करू. माही बांधी इथंच मांगं हाय, बाया रोवून राहिल्या. तुमी म्हनता तसं करून पाहातो. पटलं तं येकर तुमचा.’

एकर! मी सरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे. आम्ही पेटी बांधून, बारदाने काढून, सरपंचांकडचा चहा घेऊन अर्ध्या तासानं बाबांच्या बांधीवर, म्हणजे धानाच्या खाचरावर, पोचलो. गाव आमच्या आधीच बांधावर जमलेलं. रोवणाऱ्या बायका चिखलात पाठमोऱ्या उभ्या, पदर तोंडात कोंबलेले. खांदे तेवढे हलत होते.

आणि समोर ताणलेल्या दोरीवर, बरोबर अंतरावर, पऱ्ह्यांची एक ओळ उभी होती. शेंडे चिखलात. पांढरी मुळं आभाळाकडे.

‘हे... हे काय केलं?’

‘तुमच्या चित्रातलं,’ रेवताबाई म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. ‘सुर्य बी खालीच होता, मॅडम. पन तो काही आमाले लावता आला नाही.’

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे तो ओएचपीचा आरसा फिरला. स्लाइड लोकांकडे तोंड करून ठेवली की भिंतीवर सगळं उलटं! तासभर मी एका गावाला उलटा पऱ्हा, उलटा बैल आणि डोक्यावर उभा असलेला शेतकरी दाखवून सांगत होते, तुमचंच सगळं चूक!

सर माझ्या कानाशी आले, पण त्यांचा आवाज बांधाच्या त्या टोकापर्यंत गेला. ‘टेन्शन मत लो. या अडाणी लोकांना चित्र कळत नाही. रिपोर्टात तसंच लिहा आणि सही करा.’

सुखराम बाबांनी मान फिरवली. त्यांनी ऐकलं होतं. सगळ्यांनीच ऐकलं होतं.

बस्स! माझं टाळकं सरकलं. चपला बांधावर भिरकावल्या, सलवार वर खोचली आणि सरळ बांधीत उतरले. घोटाभर चिखल तुडवत त्या उलट्या ओळीपाशी गेले, त्यातला एक पऱ्हा उपटला आणि सरांपुढे धरला.

‘नाही लिहिणार! स्लाइड मी उलटी ठेवली, सर. अडाणी मी! हे लोक तासभर माना मोडून बघत होते, मावशी सांगत होत्या मागं पाहा, आणि मी त्यांना गप्प केलं. आणि तुम्ही? त्याच भिंतीकडे पाठ करून माना डोलवत होता! नोकरी जाते तर जाऊ दे. सही करणार नाही म्हणजे नाही!’



सर गप्प. सरपंच गप्प. सुखराम बाबा गप्प. आयुष्यात पहिल्यांदा एवढी मोठी माणसं माझ्यासमोर एकाच वेळी गप्प झाली होती. आणि एकेकाची नजर खाली, माझ्या पायांकडे गेली. मला वाटलं, आदरानं. खोटं कशाला सांगू, मी थोडी आणखी ताठ झाले.

मग सुखराम बाबा अगदी हळू, जनावर बुजू नये तशा आवाजात म्हणाले, ‘पोरी, चित्र उलटं असन, पन कान आमचे सरळच होते. तू जे तोंडानं बोलली, तसं बी आमी करून पाह्यलं, दुसऱ्या दोरीवर. बेस दिसते. येकर देला तुले.’

‘खरंच, बाबा?’ मी आनंदानं पुढे झाले.

‘आता हालू नोको, माय! सरळ रोवलेल्या चार ओळी होत्या. तीन तुह्या पायाखाली गेल्या.’