मापाला बसलेली बाई

आबांनी पाय मागं ओढून घेतला.

मी कागद अंथरला होता. हातात पेन्सिल होती. नेहमीसारखा त्यांचा घोटा धरून पाय कागदावर ठेवायला गेले, तर इंगळावर पडल्यासारखा त्यांनी तो ओढला. आणि दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "शिवू नगंस. असलं नेसून माझ्या पायाला हात लावायचा न्हाय."

असलं म्हणजे पातळ. हिरवं, साधं, सुती. कपाळाला कुंकू. केसांचा लहानसा अंबाडा. बाकी मी होते तीच होते.

आबा वडगावकडचे पाटील. दर वर्षी दिवाळीआधी कोल्हापुरात यायचे आणि आमच्याच दुकानात पायताण करायला टाकायचे. मिसरूड फुटायच्या आधीपासून मी त्यांचं माप घेत आले. होय, मला मिसरूड फुटलं होतं. मुलगा म्हणूनच वाढवलं मला. मी मुलगा नव्हे, हे मला आठवतं तेव्हापासून ठाऊक होतं, पण बाप जिवंत असेपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. बाप गेला, त्याचं वर्षश्राद्ध झालं, आणि मी पातळ नेसून दुकानात बसले. आणीबाणी उठली त्या सुमाराची ही गोष्ट.

आबांचा आवाज ऐकून थोरला भाऊ आतून बाहेर आला. मला वाटलं, आता हा बोलेल. 'शिवू नगंस' हे त्यालाही चांगलं माहीत होतं. लहानपणी आम्ही दोघं बापाबरोबर आबांच्या गावाला पायताणं पोचवायला जायचो. अंगणात उभं राहायचं. तहान लागली तर वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घ्यायचं. आमचा हात त्यांच्या तांब्याला चालत नव्हता. पायाला चालायचा. पायाला हात लावायला चांभारच लागतो ना. भाऊ मोठा झाल्यावर सभांमधून हेच बोलायचा. माणसाला माणूस म्हणा, म्हणायचा. मूठ आवळून बोलायचा, चांगलं बोलायचा. मी पुढं बसून ऐकायची.

त्या दिवशी त्याने माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. स्वतः खाली बसला, आबांचा पाय धरला, आणि मान वर न करता मला म्हणाला, "तू आत जा. वेण्या घाल जा."

आमच्या धंद्यात बायका आत बसून चामड्याच्या बारीक पट्ट्यांच्या वेण्या घालतात. तळ कापायचा, माप घ्यायचं, गिऱ्हाइकाशी बोलायचं, हे सगळं गड्यांचं. मी आत गेले. वहिनीने सरकून जागा दिली. मला रडू आलं नाही. संताप आला. बाई म्हणून मला कुणी मानत नव्हतं, पण बाईची शिक्षा तेवढी लगेच मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी परत बाहेर येऊन बसले. भाऊ माझ्याकडे पाठ करून बसायचा.

नवं गिऱ्हाईक त्रास देत नाही. त्याला मी दिसते तशी दिसते. तो एकदा बघतो, दुसऱ्यांदा बघतो, आणि पायताणाचा भाव विचारतो. जुनं गिऱ्हाईक छळतं. त्याच्या डोळ्यांत तो जुना पोरगा बसलेला असतो, आणि मीच त्या पोराला मारून टाकलंय अशा नजरेने तो माझ्याकडे बघतो. कुणी विचारायचं, "ही काय थेरं रं?" कुणी हसायचं. कुणी बापाची आठवण काढून हळहळायचं. प्रत्येकाला तेच सांगायचं, पहिल्यापासून सांगायचं. कातडं कापून हात दुखत नव्हते तेवढं सांगून तोंड दुखायचं.

मग आबा पायताण न्यायला आले. बरोबर त्यांची बायको, तिला सगळं गाव आईसाहेब म्हणायचं. तिच्या पिशवीत नारळ होता, खण होता, हळदकुंकवाचा करंडा होता. भावाने लगबगीने सतरंजी घातली. तेव्हाच मी ओळखलं की ह्यांचं आधीच ठरलेलं आहे.

आईसाहेब मायेने बोलल्या. तेच जास्त लागलं.

"देवीनं वढलं असंल तर तुझा काय दोस न्हाय बाळा. गडहिंग्लजला आमच्या वळकीची जोगतीण हाय. तिच्या हातनं यल्लम्माचं मोती गळ्यात बांधून घे, देवीची हो. मग नेस की पातळ. आमीच तुझ्या पाया पडू."

"फकस्त दुकानात बसायचं न्हाय," आबा म्हणाले. "जोगवा मागून खायचं."

"आयकून घे," भाऊ म्हणाला. "घराला बी मान मिळंल."

देवीला सोडलेले, पातळ नेसून जोगवा मागणारे जोगते मी लहानपणापासून बघत आले आहे. त्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांच्यातल्या कितीजणांना घरच्यांनी असंच हाताला धरून देवीच्या दारात नेऊन सोडलं असेल, देव जाणे. पण मला देवीने बोलावलं नव्हतं. मला बाई म्हणून जगायचं होतं आणि पायताणं करायची होती. एवढंच. यात कुणाचं काय जातं, ते मला आजही कळत नाही.

मी होय म्हणायच्या आधीच आईसाहेब नारळ घेऊन वाकायला लागल्या. शिवू नको म्हणणारं घर माझ्या पायाशी आलं होतं. देवीची झाले तर हळदकुंकू, आणि नुसती बाई झाले तर दुकानातली जागाही नाही. माझा हात आपोआप कागदाकडे गेला. मी त्यांच्या पुढ्यात कागद पसरला.

"आईसाहेब, पाया पडू नका. पायताण पायजे असंल तर पाय कागदावर ठेवा. मी माप घेते."

त्या अर्ध्या वाकलेल्या तशाच थांबल्या. कागदाकडे बघितलं. मला वाटतं, क्षणभर पाय ठेवावा असं त्यांच्या मनात आलं होतं. मग त्यांनी आबांकडे बघितलं.

"चला," आबा म्हणाले. नारळ परत पिशवीत गेला.

ते गेल्यावर भावाने दुकानाची फळी लावली. "उद्यापासनं पँट घाल, न्हायतर आत बस. दोन्ही न्हाय जमत तर भाईर हो."

मी बाहेर झाले. कातडं कापायची माझी रापी घेतली, आरी घेतली, आणि त्याच रस्त्याला, दुकानाच्या समोरच्या बाजूला पोतं अंथरून बसले. वर गोणपाटाची सावली. पावसात सगळं उचलून दुसऱ्याच्या वळचणीला उभं राहावं लागतं. भाऊ दिसतो. तो अजून सभांना जातो. मी आता ऐकायला जात नाही.

जुनं गिऱ्हाईक अजून येतं. लांब उभं राहतं आणि जुनं पायताण पुढं सरकवतं, ह्याच्यावरून माप काढ म्हणतं. मी ते परत सरकवते. उपाशी राहिले तरी परत सरकवते.

दमले आहे मी. सांगून दमले, ऐकून दमले, हसण्यावारी नेऊन दमले. पण ज्याला माझ्या हातचं पायताण पाहिजे, त्याने आपला पाय माझ्या हातात द्यायचा. पाटील असो, नाहीतर माझा सख्खा भाऊ असो. दमायचंच असेल तर इथं उन्हात, रस्त्यावर बसून दमेन. आत जाणार नाही.