राक्षस, बोट आणि बोंबलाचा वास

कॉस्प्ले करणाऱ्या माणसाच्या घरात दोन गोष्टी साठतात, फोमचे तुकडे आणि किस्से. फोमचे तुकडे आई एखाद्या रविवारी बडबडत बाहेर काढते. किस्से कोण काढणार? परवा ऑफिसात डबा खाताना एक सांगायला घेतला, त्याचं शेपूट धरून दुसरा आला, साहेबांची बेल वाजली तेव्हा मी तिसऱ्यात होते. म्हटलं, एकदा बसून सगळे सांगून टाकते आणि मोकळी होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एखादं पात्र घ्यायचं, कथेतलं किंवा आपल्या डोक्यातलं, त्याचा पोशाख स्वतः बनवायचा आणि तो घालून ते पात्र होऊन लोकांसमोर जायचं, याला कॉस्प्ले म्हणतात. मोठ्या शहरांत याचे मेळावे भरतात. डहाणूत आम्ही चौघं आहोत, बस्स. केतनभाई फुग्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. मोनिकाचे वडील रेल्वेत, ती क्वार्टर्समध्ये राहते आणि इंग्लिशच्या शिकवण्या घेते. सुनील तलासरीच्या आतल्या बाजूचा, डोंगराकडच्या गावातला, प्राथमिक शाळेत मास्तर. आणि मी, सरकारी ऑफिसातली क्लार्क. मला माझ्या कलेसाठी ग्रुपमध्ये घेतलं असा माझा समज होता. नंतर कळलं, चौघांत शिलाई मशीन फक्त माझ्याकडे होतं.

आम्हा तिघांना हौस होती. सुनीलचं तसं नव्हतं. त्याच्या गावात चैत्रात बोहाडा होतो. मुखवटे घालून सोंगं नाचतात, सांबळ वाजतो, आणि कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. सुनीलच्या घराकडे राक्षस आहे. लाकडाचा जड मुखवटा. त्याच्या बाबांनी उभी हयात तो नाचवला, आता गुडघे गेले. मग सोंग द्यायचं कोणाला? बाबांचा डोळा पुतण्यावर होता. पोटच्या पोराबद्दल ते सगळ्या गावासमोर म्हणाले होते, "हा मास्तर आहे. हा नुसता उभा राहील."

सुनीलला ते फार लागलं होतं. आपल्या घरचा राक्षस चुलतभावाच्या डोक्यावर त्याला बघवला नसता. पण सराव करायचा कसा? खरा मुखवटा पूजा केल्याशिवाय जागचा हलवत नाहीत. म्हणून मोबाईलवर शोधत शोधत तो आमच्यापर्यंत आला आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, "ताई, चैत्रापर्यंत मला राक्षस करा."

"अरे होऊन जाईल रे," केतनभाई म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून आलं की मी हल्ली दोन पावलं मागे सरकते. का, ते सांगते.

* * *

केतनभाईचं पहिलं चिलखत. जिममध्ये जमिनीवर टाकतात त्या फोमच्या चटया कापल्या, तापवल्या, वाकवल्या, वर सोनेरी रंग मारला. दिसायला देखणं झालं होतं, खोटं कशाला बोलू. मापं मीच घेतली होती, त्याला ताठ उभं करून.

चारोटीला एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. "घरूनच घालून निघायचं, म्हणजे माणूस कॅरेक्टरमध्ये जातो," असा त्याचा हट्ट. डहाणू स्टेशनबाहेर शेअरची इको गाडी लागलेली होती. केतनभाईनं एक पाय आत टाकला आणि तिथेच थांबला. कमरेत वाकताच येईना. बसण्याचं माप आम्ही घेतलंच नव्हतं! योद्धा कधीतरी बसत असेल हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

शेवटी त्याला आडवा करून मागच्या सीटवरच्यांच्या मांडीवर घातला. ड्रायव्हर शांतपणे बघत होता. मला म्हणाला, "मॅडम, यांना पॅसिंजरमध्ये धरू की मालात?"

"मी योद्धा आहे," केतनभाई खालून बोलला.

"मग मालात," म्हणत ड्रायव्हरनं दार ओढून घेतलं. गंजाडपर्यंत एका आजींनी आपली भाजीची पिशवी त्याच्या छातीवर ठेवली होती.

* * *

एवढ्यावर माणूस थांबला असता, तर तो केतनभाई कसला. मग त्यानं मुखवटा करायला घेतला. "मुखवटा म्हणजे काय? तोंडाचा फुगाच की," हे त्याचं तत्त्वज्ञान. कारखान्यात साचा रबराच्या पातळ रसात बुडवतात आणि वाळला की फुगा सोलून काढतात. तसंच चेहऱ्याचं करायचं. आधी स्वतःच्या तोंडावर प्लॅस्टर थापून साचा घेतला. व्हॅसलीन लावायचं राहिलं. प्लॅस्टर निघालं, बरोबर भुवयाही निघाल्या.

नेमके त्याच रविवारी उंबरगावहून मुलीकडचे बघायला आले. मुलीची आत्या त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि जाताना म्हणाली, "छोकरो सारो छे. पण चेहऱ्यात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं."

मुखवटा मात्र फर्स्टक्लास उतरला होता. तरणाबांड वीर, गाल घट्ट, हनुवटी टोकदार. डोळ्यांची भोकं तेवढी कापायची बाकी होती. आम्ही बघतोय तोवर केतनभाईनं मुखवटा तोंडाला लावला आणि फुंकला. इतकी वर्षं फुग्यात भोक आहे का ते असंच तपासत आलाय, तोंडाला दुसरं काही माहीतच नाही. मोनिका ओरडेपर्यंत वीर कलिंगडाएवढा झाला होता. हवा सोडली तर गाल लोंबायला लागले, डोळ्यांखाली पिशव्या आल्या, पाच मिनिटांत वीर रिटायर झाला.

केतनभाईच्या चेहऱ्यावर मात्र समाधान. "पण बघ, लीक कुठेच नाही."

* * *

मोनिका आमच्यातली हुशार. ती सगळं यूट्यूबवर बघून, लिहून घेऊन करते. तिनं समुद्राची राणी केली होती. हिरव्या कापडाचे शेकडो खवले कापून, रंगवून, एकेक टाचलेले. रंग काही वाळेना. क्वार्टर्सच्या गॅलरीत गाड्यांची धूळ येते, म्हणून तिनं पोशाख चिंचणीच्या मावशीकडे पाठवला. तिथे ऊन भरपूर आणि वाळत घालायला जागाही भरपूर.

मावशीनं बांबूच्या काठ्यांवर जिथे बोंबील वाळत घातले होते तिथेच राणीलाही टांगलं. रोज बोंबील उलटे केले की हिलाही उलटी करायची. बाई प्रेमळ, कामात कसूर नाही.

मुंबईच्या मेळाव्यात रांगेत चेंगराचेंगरी होती, फक्त मोनिकाच्या भोवती गोल मोकळी जागा. मला वाटलं, आता हिला बाहेर काढतात. पण परीक्षक जवळ आले, डोळे मिटून त्यांनी खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "सी-शोअरचा इतका ऑथेंटिक फील आजवर कुणी दिला नाही. टेक्निक कोणतं वापरलं?"

"मावशी," मोनिका म्हणाली.

त्यांनी मान हलवत ते कागदावर लिहून घेतलं. तिला वातावरणनिर्मितीचं बक्षीस मिळालं, आणि येताना लेडीज डब्यात बसायला आख्खा बाक.

* * *

माझाही एक आहे, लपवून काय उपयोग. ऑफिसात माझी ही भानगड साहेबांच्या कानावर गेली. मी घाबरत केबिनमध्ये गेले. साहेब खुशीत. "तुम्ही ते वेष वगैरे करता म्हणे. छान! मतदार जागृतीसाठी आपल्याला एक बोट पाहिजे."

मला वाटलं, होडी. नाही, हाताचं बोट. नखावर शाई लावलेलं. सहा वर्षं मी टाके घालायला शिकले ती बोट होण्यासाठी, हे तेव्हा कळलं.

चारोटी नाक्यावर भर उन्हात मी बोट होऊन उभी राहिले. हात आत, फक्त तोंडापुरतं भोक. कोणी मतदानाबद्दल विचारेना. थोड्या वेळानं समोरच्या हॉटेलचा मालक ताक घेऊन आला, अगदी आदरानं म्हणाला, "मॅडम, जरा आमच्या हॉटेलसमोर येऊन उभ्या राहाल का?"

मी म्हटलं, "अहो, हे बोट वर दाखवतंय."

"चालेल की. वर लॉजिंग आहे आपलं."

ताक मी त्याच्याच हातून प्यायले. जागा सोडली नाही, सरकारी नोकर आहे शेवटी.

* * *

आता सुनील. त्याचा पहिला राक्षस आम्ही फोमचाच केला. दात, शिंगं, लाल जीभ, सगळं जोरदार. मोठ्या उमेदीनं तो घरी घेऊन गेला. बाबांनी तो एका बोटावर उचलला, खाली ठेवला आणि विचारलं, "ह्याला जेवायला घालत नाय का?"

सोमवारी सुनील पडलेल्या तोंडानं आला. म्हणाला, "ताई, वजन पाहिजे." मग मी जाड कापडाच्या पिशव्या शिवल्या, डहाणूच्या किनाऱ्यावरची वाळू त्यात भरली आणि राक्षसाच्या कपाळात, गालांत, शिंगांत बसवली. मशीनच्या सुया किती मोडल्या ते विचारू नका. सुनील शाळा सुटली की वर्ग बंद करून तो घालून नाचायचा. मान सुजायची, पण माणूस हटेना. फाल्गुन लागला होता, आणि गावात चुलतभावाच्या नावाची बोलणी सुरू झाली होती.

तेवढ्यात डहाणूत एका मंडळानं वेशभूषा स्पर्धा ठेवली. दोन मिनिटं वेळ, मग घंटा. बाबा त्याच दिवशी गुडघ्याच्या डॉक्टरकडे यायचे होते. सुनीलनं सांगितलं नसतं, मीच फोन केला. म्हातारा काठी टेकत आला आणि पाहुण्यांसाठी राखलेल्या पहिल्या रांगेत जाऊन बसला. उठा म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

सुनीलच्या आधी एक टोमॅटो आणि एक ट्रॅफिक सिग्नल होऊन गेले. मग राक्षस आला. केतनभाईनं सांबळाचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर दिलं होतं. डीजेवाल्यानं बटण दाबलं आणि मघाचं टोमॅटोचंच गाणं परत लागलं. लोक हसले. गाणं बंद झालं. सांबळ नाहीच.

सुनील नुसता उभा राहिला. बाबांनी गावासमोर सांगितलं होतं अगदी तसा. मुखवट्याच्या आत त्याचं काय होत असेल ते मला इथे खाली कळत होतं. मीच म्हाताऱ्याला बोलावलं होतं ना.

आणि थाप ऐकू आली.

बाबांनी शेजारची रिकामी प्लॅस्टिकची खुर्ची पुढे ओढली होती आणि दोन्ही हातांनी तिच्यावर सांबळाचा ठेका धरला होता. राक्षसाचा पाय उचलला गेला. मग दुसरा. मग ती सगळी वाळू, ती शिंगं, तो मास्तर असा काही फिरायला लागला की पुढची पोरं आयांच्या मांडीवर चढली.

दोन मिनिटं झाली, घंटा झाली. पण बोहाड्यात वाद्य थांबल्याशिवाय सोंग थांबत नाही. हे सुनीलनं आम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. आता ते मंडळाला कोण सांगणार? पुन्हा घंटा झाली. सूत्रसंचालक माइकवर "धन्यवाद, धन्यवाद" म्हणत राहिला. मंडळाचे अध्यक्ष वाकून म्हणाले, "काका, वेळ संपली." बाबांनी मान वर केली नाही. "तुमचं तुम्ही चालू द्या," म्हणाले आणि ठेका वाढवला. त्यांची नजर फक्त पोराच्या पायांवर होती. रंग घामानं ओघळला, एक शिंग कलंडलं, परीक्षकांनी पेनं खाली ठेवली, आणि सुनील नाचत होता.

खुर्चीला तडा गेला तेव्हा हात थांबले. त्याच ठोक्याला राक्षसही थांबला.

"वेळेची मर्यादा ओलांडल्यामुळे हा स्पर्धक बाद," माइकवरून सांगण्यात आलं. बाबांना त्याचं काही नव्हतं. केतनभाईच्या खांद्याला धरून ते एकेक पायरी करत स्टेजवर चढले. सुनीलच्या डोक्यावरचं राक्षसाचं तोंड त्यांनी दोन्ही हातांनी उचललं, क्षणभर तोललं आणि केतनभाईकडे दिलं. केतनभाई ते घेऊन खालीच बसला.

बाबांनी पोराची मान वळवून बघितली. लालबुंद झाली होती.

"रोज तेल चोळत जा," ते म्हणाले. "लाकडाचं ह्याहून जड आहे."