जमिनीखाली तेल किती उरलंय, हे विचारायला घाटकोपरहून बोरिवलीला

गुरुवारी दीक्षा माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, आता तूच सांग. जाऊ की नको?"

दीक्षा माझी नात. तेवीस वर्षांची, केमिकल इंजिनिअर झालेली. समुद्रात तेलाच्या विहिरी असतात, तिथल्या एका कंपनीने तिला बोलावलंय. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी, आणि जायचं-यायचं हेलिकॉप्टरने! सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं. तिचा बाप म्हणतो, पगार बघ आणि जा. आई म्हणते, तेल संपत आलंय, पोर चाळिशीत घरी बसेल. दोघांची तोंडं दोन दिशांना, म्हणून पोर माझ्याकडे आली.

मी गप्प बसले. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटायचं नाही, पण बसले. कारण आमच्या ह्यांना एकदा गिरणी सोडून गोदीत नोकरी मिळत होती, तेव्हा मी फटकन बोलले होते. "गिरणी कुठे पळून जातेय?" मी रोज डबा घेऊन गेटवर जायची. कापसाच्या गासड्या भरलेले ट्रक आत जाताना दिसायचे, एकामागून एक. एवढा माल येतोय म्हणजे गिरणीला मरण नाही, असा माझा चौथी पास हिशेब. हे माझं ऐकून राहिले. पुढे गिरणी बंद पडली आणि आम्ही काय खाल्लं ते इथे लिहीत नाही, हा प्रवासाचा ब्लॉग आहे.

म्हणून या खेपेला ठरवलं, की आधी जाऊन विचारायचं आणि मगच तोंड उघडायचं. माझी मैत्रीण फिलोमिना, म्हणजे फिलू, मरोळच्या गावठाणात राहते. तिचा धाकटा भाऊ पास्कल उभा जन्म त्या समुद्रातल्या विहिरींवर काढून आता बोरिवलीत निवृत्त बसलाय. फिलूला फोन केला. "फिलू, तुझ्या भावाला विचारायचंय, जगात तेल किती उरलंय."

"तुला कशाला हवंय गो? तू कुठे विमान चालवतेस?"

"शनिवारी सकाळी तयार राहा."

शनिवारी घाटकोपरहून मेट्रोत बसले. मरोळ नाक्यापर्यंत वीस-तीस रुपयांत काम होतं, आणि सकाळी आठच्या आत गेलात तर खिडकीशी उभं राहायला जागा मिळते. जरूर उभे राहा! असल्फ्याची डोंगरावरची रंगीत घरं, खाली गल्ल्या, आणि आपण लोकांच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड बघत वरून चाललोय. ही गाडी विजेवर, वीज बरीचशी कोळशावर, म्हणजे मी कोळशावर बसून तेलाची चौकशी करायला निघाले होते. हे दीक्षाने नंतर सांगितलं. मला गंमत वाटली.

फिलूने फुगे तळून ठेवले होते. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी: मैद्याचे, नारळाच्या दुधातले, गोल फुगलेले, आणि गरम असतानाच खायचे. मी पाच खाल्ले. फिलूने दोन, कारण तिला डायबिटीस. दुसरा खाताना तिने तोंड फिरवलं, जणू मला दिसणार नाही.

"आधी साकीनाक्याला जाऊ," फिलू म्हणाली. "रहमतभाईकडे माझा नळ तयार झालाय. त्याची भट्टी तेलावर होती. त्यालाही विचार तुझं ते तेल."

साकीनाक्याच्या गल्लीत चप्पल बंद पायाची घाला, जमिनीवर धातूचा कीस असतो. रहमतभाई पितळेचे नळ ओततो. मी मनात धूर, काजळी, काळ्या तेलाचा वास असं सगळं धरून गेले होते. आत बघते तर एक कपाटाएवढं विजेचं यंत्र घूं घूं करतंय आणि भांड्यात पितळ वितळतंय, नारिंगी, बघत राहावं असं! काळ्या तेलाचं जुनं पिंप दाराशी उलटं घातलेलं. त्यावर बसून आम्ही चहा प्यायलो. कटिंग दहा रुपये, आलं भरपूर.

"तेल महाग झालं म्हणून बदललंत?" मी विचारलं.

"महागही झालं, धुराची कटकटही झाली. पण आजी, मालकाने ही मशीन आणली ना, तेव्हा आम्ही भट्टीवर चार जण होतो. तिघांना काढलं."

"आणि तुम्हाला ठेवलं? मालकाचे जावई लागता काय?"

तो हसला. "त्या तिघांना तेल जाळता यायचं. मला पितळ कळतं. हा रंग बघा. अजून अर्धा मिनिट. मशीन आकडा दाखवते, पण ओतायचं कधी ते मीच सांगतो. भट्टी बदली, हाथ वही है."

हे मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. फिलू नळाच्या किमतीवरून घासाघीस करत होती.

तिथून हायवेच्या मेट्रो स्टेशनपर्यंत रिक्षा केली, कारण फिलूचे गुडघे आणि साकीनाका स्टेशनचे जिने यांचं जमत नाही. रिक्षा निघाली आणि दोन मिनिटांत सीएनजीच्या रांगेत उभी राहिली.

"दादा, हे काय? आम्हाला सोडा आणि मग भरा."

"मावशी, गॅस काट्यावर आलाय. वाटेत ढकलत नेणार का तुम्ही?"

पंचवीस मिनिटं. पण मला त्या रांगेचा कंटाळा आला नाही, खोटं कशाला सांगू. पुढे तीसेक रिक्षा, प्रत्येकात एकेक तज्ज्ञ. आमचा म्हणाला, "निम्मा गॅस बाहेरच्या देशातून जहाजाने येतो मावशी. तिकडे कोणी शिंकलं की इकडे भाव वाढतो." मागचा ओरडला, "अरे पुढच्या वर्षी बॅटरीची घेतोय मी!" आमच्याने मान बाहेर काढली. "घे, घे. आणि चार्जिंगला तुझ्या सासऱ्याच्या घरी लाव!" भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं असतं. फिलूला उतरवायला दोघं लागले. गुडघे हायवेच्या जिन्यासाठी वाचवले होते, ते इथेच खर्च झाले.

हायवेला पुलावरून चालत गुंदवलीला जायचं आणि वरची दुसरी मेट्रो धरायची. हा माझ्या दिवसाचा सगळ्यात झकास तुकडा. खाली हायवेवर गाड्यांची थप्पी, डिझेलचा धूर, हॉर्न, आणि आपण वर थंडगार. बोरिवली जवळ आली की उजव्या हाताला नॅशनल पार्कचं हिरवं जंगल. माझ्यासारख्या बाईने आधी का केला नाही हा प्रवास? कोणी नको म्हटलं नव्हतं. मीच काम नसताना घराबाहेर पडत नव्हते.

पास्कल दारातच उभा होता. उंच, काळा, अजून ताठ. "ये कुंदाबाय! तेल मोजायला आलीस?"

आत त्याची बायको रेजिना बोंबील तळत होती. पहिला घाणा निघाला, दुसरा तव्यात पडला, आणि शेगडीची ज्योत निळ्याची पिवळी होऊन खाली बसली. रेजिना म्हणाली, "संपला वाटतं." पास्कल उठला आणि सिलिंडर सरळ आडवा करायला लागला.

"मेल्या, उभा ठेव!" मी ओरडले. "जन्मभर तेलाच्या विहिरीत वाचलास आणि बोंबलासाठी मरतोस?"

मी ओलं फडकं घेतलं आणि सिलिंडरवर वरपासून खालपर्यंत फिरवलं. आम्हा बायकांना हे शिकवायला लागत नाही. रिकाम्या भागावरचं पाणी लगेच सुकतं, आत गॅस असेल तिथलं ओलं राहतं. वरचं सगळं भराभर सुकलं. तळाशी दोन बोटं ओल राहिली.

पास्कल खूश झाला. "आता बघ. आत गॅस आहे का?"

"आहे, दोन बोटं."

"बोंबील तळून होतील?"

"नाही."

"विहिरीचं हेच, बाय. विहीर बंद होते तेव्हा कोरडी नसते. बरंचसं तेल दगडातच राहतं. खाली पाणी सोडायचं, गॅस सोडायचा, तेल वर ढकलायचं, आणि जेवढं काढायला परवडतं त्यालाच साठा म्हणायचं. भाव चढला की साठा वाढतो. भाव पडला की त्याच विहिरीतला साठा कमी होतो."

"पापलेटसारखं," मी म्हटलं. "समुद्रात कितीही असो, माझ्या पिशवीत येईल तेवढंच माझं."

"मी नोकरीला लागलो तेव्हा साहेब म्हणायचे, जगात चाळीसेक वर्षांचं तेल आहे. मी रिटायर झालो, तरी म्हणतात चाळीस-पन्नास. कोळसा तर शंभराच्या वर."

फिलूने हात झटकले. "झालं तर मग! संपत नाही. दीक्षाला पाठव आणि जेवूया."

"तसं नाही," पास्कल म्हणाला. "आहे तेवढं सगळं जाळलं तर माणूस उकडून निघेल. यंदाचा उन्हाळा बघितलास ना? बरंचसं खालीच सोडावं लागणार. लोक सोडतील की नाही ते मला ठाऊक नाही, पण संपायची वाट बघत कोणी बसणार नाही. दुसरं काही स्वस्त मिळालं की तिकडे पळतील."

मी फिलूकडे बघितलं. "तुझ्या डब्यात साखर शिगोशीग आहे. डबा रिकामा झाला म्हणून बंद नाही झाली तुझी साखर."

"माझ्या डायबिटीसवर कशाला येतेस गो?"

पण मी तिच्यावर नव्हतेच. मी गिरणीच्या गेटवर होते. ज्या आठवड्यात गेट बंद झालं, त्या आठवड्यातही आत कापूस होता. गासड्यांच्या थप्प्या तशाच होत्या. कापूस संपल्याने गिरणी बंद पडलीच नव्हती. मी इतकी वर्षं समजत होते की माझा अंदाज चुकला. कापसाचा अंदाज बरोबर होता. मी मोजत होते तीच वस्तू चुकीची होती.

जेवताना पास्कलने मला आणखी एक धक्का दिला. जाळणं कमी झालं तरी तेल लागतच राहणार, म्हणाला. औषधं, डांबर, प्लास्टिक. "तुझी साडी तेलातली. चप्पल तेलातली. तोंडातली कवळीपण तेलातलीच." मी बोंबील चावायची थांबले. मग म्हटलं, आता आहेच तर वापरूया, आणि पुढचा घेतला. बोंबील शेजारणीच्या शेगडीवर तळून आले होते आणि अप्रतिम होते.

"पास्कल, खरं सांग," मी शेवटी विचारलं. "तुमच्यात कुठल्या कामाला मरण नाही?"

त्याने विचार केला. "विहिरी बुजवायच्या. नुसती सोडून देता येत नाही विहीर, तेल-गॅस झिरपत राहतो. सिमेंट भरून नीट बंद करावी लागते. कुठलाही देश आज तेल सोडो नाहीतर पन्नास वर्षांनी, जेवढ्या खणल्या तेवढ्या बुजवायच्याच. पण पोरांना ते काम नको असतं. सगळ्यांना नवीन खणायचंय."

आमच्या चाळीत बाळा फिटर होता. गिरणी बंद झाली आणि सगळे घरी बसले, पण तो त्यानंतर चार वर्षं कामावर जात होता. यंत्रं खोलायला. बाकीच्यांना यंत्रं चालवता यायची, त्याला ती आतून ठाऊक होती. तेव्हा आम्ही त्याला हिणवायचो, मढ्यावरचं खातो म्हणून. तो घरी पगार आणायचा आणि ऐकून घ्यायचा.

परतीला मी एकटीच. फिलू भावाकडे राहिली, गुडघे शेकत. बोरिवलीहून मुलुंडला जाणारी विजेची बस पकडली. एसी, स्वस्त, आणि आवाज इतका कमी की मागच्या बाईचं जावयाशी भांडण मला शब्दन् शब्द ऐकू आलं. मुलुंडला बस बदलून एलबीएस रोडने खाली घाटकोपरला. कांजूरला खिडकी बंदच ठेवा, डम्पिंगचा वास एसीलाही जुमानत नाही. अख्ख्या दिवसाला तिकिटं, रिक्षा आणि चहा धरून तीनशेच्या आत. दाराशी आले तेव्हा अजून उजेड होता.

दीक्षा वाट बघत होती. "किती उरलंय, आजी?"

"भरपूर. त्यातच तर धोका आहे. भरपूर दिसतंय म्हणून माणूस बसून राहतो."

मग तिला गासड्या, पितळ, बाळा फिटर, सगळं सांगितलं. तिचा बाप मधे बोलायला लागला, त्याला पाणी आणायला पाठवला. "कंपनीला फोन कर," मी म्हटलं. "विचार, विहिरी बुजवायचं खातं आहे का, आणि ते काम शिकवतील का. शिकवणार असतील तर जा. नुसतं पंप चालू-बंद करायला ठेवणार असतील तर नको."

सोमवारी तिने विचारलं. पलीकडचा माणूस म्हणाला, खातं आहे, पण नवीन पोरं तिकडे जायला कांकू करतात, तुम्ही खरंच याल का? दीक्षा माझ्याकडे बघून हसली आणि हो म्हणाली. पुढच्या महिन्यात जुहूहून हेलिकॉप्टर. मी बघायला जाणार आहे, मला आत सोडोत नाहीतर न सोडोत.

आता इतक्या प्रवासातून माझ्याकडे काय राहिलं म्हणाल, तर एक गोष्ट. मुलाने दोन वर्षांपूर्वी आणलेली विजेची इंडक्शन शेगडी मी कपाटावर टाकली होती, खोक्यातून बाहेरसुद्धा काढली नव्हती. सोमवारी दुपारी मी माझ्या सिलिंडरवर ओलं फडकं फिरवलं. अर्ध्याच्या वर भरलेला होता. तरी स्टूल घेतलं, शेगडी खाली काढली आणि तिच्यावर चहा टाकला.

बरा झाला. थोडा लवकर उतू जातो, लक्ष ठेवावं लागतं.